कोठडी, पंचनामा आणि रोगाची वाट

पोलिसाच्या नोकरीतले धोके म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? अंधारी गल्ली, सुरा घेतलेला गुंड, दंगलीत भिरभिरत आलेला दगड. हे धोके खरे आहेत. त्यांची नोंद ठाण्याच्या डायरीत होते आणि वर्तमानपत्रात छापून येते. परंतु याच नोकरीत आणखी एक धोका असा आहे की, त्याची कोणी फिर्याद देत नाही आणि पंचनामाही होत नाही. तो कोठडीतल्या कैद्याच्या खोकल्यातून येतो, अंगझडतीत बोटाला टोचलेल्या सुईतून येतो, पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून येतो. आणि शिपाई ड्यूटी संपवून घरी निघाला की कधीकधी त्याच्याबरोबर पोलीस लाईनीतल्या दोन खोल्यांतही शिरतो. बंदोबस्तावरच्या माणसाला रोग कसे गाठतात आणि त्यांना थोपवायचे कसे, एवढाच आजचा विषय आहे.

हा विचार करायला आपला पालघर-बोईसरचा टापू फार सोयीचा आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर हा वेगळा जिल्हा झाला. एका अंगाला समुद्र आणि खाड्या, दुसऱ्या अंगाला जव्हार-मोखाड्याचे डोंगर, मधून रेल्वे आणि अहमदाबादचा महामार्ग. विरारपुढे डहाणूपर्यंत लोकल गाडी २०१३ साली धावू लागली, तेव्हापासून स्टेशनांवरची गर्दी आणखी वाढली. बोईसरला तारापूरची औद्योगिक वसाहत. तिथे कामासाठी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार एकेका खोलीत पाच-पाच, सहा-सहा राहतात. अशा गावातल्या पोलिसाला शहराचीही नोकरी करावी लागते आणि खेड्याचीही. एका आठवड्यात त्याला बाजारातला बंदोबस्त, चाळीतले भांडण, खाडीत सापडलेले बेवारस प्रेत, कोर्टात न्यायचा आरोपी आणि पुरात अडकलेली वस्ती, हे सगळे पाहावे लागते. प्रत्येक कामाबरोबर रोगाची एकेक वाट उघडते.

आता कोणी म्हणेल, “अहो, डॉक्टर आणि परिचारिका तर रोज रोग्यांतच वावरतात. मग पोलिसाचं वेगळं काय?” वेगळे एवढेच, की डॉक्टरांना समोरचा माणूस रोगी आहे हे ठाऊक असते. त्यांच्यापाशी हातमोजे असतात, साबण असतो, तपासण्यांचे कागद असतात. पोलिसापुढे येतो तो आरोपी म्हणून, साक्षीदार म्हणून किंवा जखमी म्हणून. रोगी म्हणून येत नाही. त्याला काय झाले आहे हे पोलिसाला ठाऊक नसते आणि पुष्कळदा त्या माणसालाही ठाऊक नसते. शिवाय दुकानदाराला वाटले तर तो गिऱ्हाइकाला दोन हात लांब उभे करू शकतो. पोलिसाला तशी मुभा नाही. मारामारी सोडवायची तर मध्येच शिरावे लागते. आरोपी धरायचा तर दंडालाच धरावे लागते.

अंतर राखणे हातात नसेल, तर रोग कोणत्या वाटेने येतो ते नेमके ओळखणे हाच उपाय उरतो. आणि माणसाची चूक इथेच होते. ज्याची किळस येते त्याला आपण भितो. ज्याची सवय झाली त्याला भीत नाही. रोगाचे गणित मात्र किळसेवर चालत नाही.

याचा एक जुना दाखला लंडनचा आहे. १७५० साली तिथल्या ओल्ड बेली या न्यायालयात न्यूगेट तुरुंगातले कैदी खटल्यासाठी आणले गेले. न्यायालय लहान, माणसे खच्चून भरलेली. थोड्याच दिवसांत लंडनचे नगराध्यक्ष, दोन न्यायाधीश, काही वकील आणि पंच धरून पन्नासच्या वर माणसे तापाने दगावली. त्या तापाला लोक ‘तुरुंगाचा ताप’ म्हणत. तुरुंगाच्या दुर्गंधीतून तो येतो अशी तेव्हाची समजूत होती. म्हणून न्यायालयात सुवासिक पाला पसरण्याची आणि न्यायाधीशांनी हाती फुलांचा गुच्छ धरण्याची चाल पडली. १७५२ साली न्यूगेटच्या छपरावर पवनचक्की बसवून आत हवा खेळवण्याचीही खटपट झाली.

पण ताप वासाचा नव्हता. तो टायफस होता, आणि त्याची खरी वाट सापडायला पुढे दीडशेहून अधिक वर्षे लागली. चार्ल्स निकोल हे फ्रेंच डॉक्टर ट्युनिसच्या रुग्णालयात काम करीत. त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. टायफसचा रोगी रस्त्यावर असताना इतरांना रोग देतो, दारात त्याचे कपडे उतरवून घेणाऱ्या नोकराला देतो, ते कपडे धुणाऱ्यालाही देतो. पण तोच रोगी आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून वॉर्डात खाटेवर पडला की शेजारच्या खाटेला काही होत नाही. म्हणजे रोग दारातच अडतो. दारात काय उतरते? कपडे, आणि कपड्यांतल्या उवा! १९०९ साली त्यांनी उवांची ही वाट सिद्ध केली आणि १९२८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. न्यायाधीश फुले हुंगत राहिले आणि उवा कोटाच्या शिवणीतून चालत राहिल्या, असा हा प्रकार. आपणही कित्येकदा असेच करतो.

आता आपल्या मुलखाकडे वळू. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्याच वर्षी, १८९७ साली, साथीच्या रोगांचा कायदा आला. साथीच्या काळात लोकांना घरात थांबवणे, रोग्याला वेगळे नेणे, घरे तपासणे ही कामे सरकारी शिपायांच्या आणि सैनिकांच्या गळ्यात पडली. पुण्यात त्या तपासणीने लोक किती दुखावले आणि जून १८९७ मध्ये रँड यांच्यावर गोळी कशी झाडली गेली, हा इतिहास आपणा सर्वांना माहीत आहे. त्यातला आरोग्याचा धडा मात्र आपण फारसा आठवत नाही. धाक वाढला तेव्हा लोक रोगी लपवू लागले, आणि रोगी लपला की साथ मोकळी फिरते. हा धडा पुढे पुन्हा आपल्या उपयोगी पडणार आहे.

तोच कायदा मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी महाराष्ट्रात लागू झाला, आणि त्याचा भार पुन्हा पोलिसांवर आला. नाकाबंदी, बाजारातली गर्दी, आणि घरी निघालेले हजारो कामगार. श्रमिक गाड्या मे २०२० मध्ये सुटू लागल्या तेव्हा कामगारांचे अर्ज पोलीस ठाण्यांतच घेतले जात. एरवी लोकांना घरात बसा म्हणून सांगणारा शिपाई स्वतः मात्र दिवसभर रांगेपुढे बसलेला असे. एप्रिल २०२० च्या अखेरीस मुंबई पोलिसांतले तिघे दगावले आणि पंचावन्न वर्षांवरील कर्मचाऱ्यांनी घरीच राहावे असे तिथे ठरले. पहिल्या वर्षभरात राज्याच्या पोलीस दलातली तीनशेहून अधिक माणसे या रोगाने गेली.

आपल्याच जिल्ह्यातला एक प्रसंग इथे सांगण्याजोगा आहे. मे २०२० च्या आरंभी वाडा पोलीस ठाण्याच्या कोठडीतला एक आरोपी कोरोनाबाधित निघाला. त्याच्याबरोबर कोठडीत असलेले इतर आरोपी आणि त्यांच्याशी संबंध आलेले पोलीस यांना वेगळे ठेवून तपासण्या कराव्या लागल्या. यावरून काय दिसते? गजांच्या आत आरोपी आणि बाहेर पोलीस हा भेद कायद्याचा झाला. हवेला तो ठाऊक नाही. आतला श्वास बाहेर येतो आणि बाहेरचा आत जातो.

कोरोनाचा जोर ओसरला, पण श्वासाची वाट काही बंद झाली नाही. त्या वाटेवरचा आपला जुना ओळखीचा वाटसरू म्हणजे क्षय. रॉबर्ट कॉख यांनी त्याचा जंतू १८८२ सालीच दाखवून दिला, औषधेही आली, आणि तरीही जगात क्षयाचे जे नवे रोगी होतात त्यांतला साधारण दर चौथा रोगी भारतातला असतो. तुरुंगात आणि कोठडीत क्षयाचे प्रमाण बाहेरच्यापेक्षा कित्येक पट अधिक आढळते, हे देशोदेशी दिसून आले आहे. कारण उघड आहे: गर्दी, कोंदट हवा, निकृष्ट प्रकृती.

क्षय नेमका कसा लागतो हे नीट समजून घ्या, कारण त्याविषयीच्या खोट्या समजुती फार आहेत. रोगी खोकला, शिंकला, मोठ्याने बोलला की जंतू असलेले अतिसूक्ष्म कण हवेत जातात आणि बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. तीच हवा आपण पुष्कळ वेळ श्वासात घेतली तर जंतू फुप्फुसात शिरण्याचा संभव असतो. हात मिळवल्याने, भांड्याने, कपड्याने किंवा एका बाकावर बसल्याने क्षय लागत नाही. रस्त्यावर जवळून खोकत गेलेल्या माणसापासूनही धोका अगदी थोडा. धोका आहे तो वेळेचा आणि बंद खोलीचा. काचा चढवलेल्या गाडीतून आरोपीला तीन-चार तास नेणे, रात्रभर कोठडीसमोरच्या अरुंद बोळात पहारा करणे, आठ-दहा जणांनी एका बराकीत झोपणे, या क्षयाच्या खऱ्या जागा. त्यांची भीती कोणालाच वाटत नाही, कारण त्यांत भयंकर असे काही दिसत नाही.

उपाय पाहाल तर अगदी साधे आहेत. गाडीच्या दोन्ही अंगांच्या काचा खाली घ्या. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या असल्या की हवा वाहती राहते. कोठडीपुढचा झरोका खोक्यांनी आणि जुन्या फायलींनी बुजलेला असेल तर तो मोकळा करा. आरोपी खोकत असेल तर पहिला मास्क त्याच्या तोंडाला द्या, कारण थेंब जिथून निघतो तिथेच तो उत्तम अडतो. आणि ज्याचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला आहे, मग तो आरोपी असो की पोलीस, त्याची थुंकी तपासून घ्या. ही तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. न्यूगेटवरची पवनचक्की उवांच्या रोगाला निरुपयोगी ठरली, पण क्षयाला मात्र वाहती हवा हाच पहिला पहारेकरी आहे.

आता याच्या नेमकी उलट गोष्ट पाहा. कोणत्याही शिपायाला विचारा, “सगळ्यात नकोसं काम कोणतं?” दहांतले आठ सांगतील, “कुजलेलं प्रेत.” विहिरीतले, खाणीतले, खाडीच्या चिखलातले, आणि लोहमार्ग पोलिसांच्या वाट्याला रुळावरचे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबई हायजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला, तेव्हा प्रेते रायगडच्या आणि गुजरातेत वलसाडच्या किनाऱ्याला लागली. आपला पालघरचा किनारा या दोहोंच्या मधला. समुद्रकाठच्या पोलिसाला हे काम चुकत नाही. कायद्याने अशा प्रत्येक मृत्यूचा पंचनामा व्हावाच लागतो; नाकाला रुमाल लावून का होईना, पोलिसाला तिथे वाकून पाहावेच लागते.

पण त्या वासाने रोग होतो का? होत नाही. वास कितीही असह्य असला तरी तो जंतू वाहून आणीत नाही. वादळात, पुरात किंवा भूकंपात मेलेल्यांच्या प्रेतांमुळे साथ पसरते ही समजूतही जागतिक आरोग्य संघटनेने चुकीची ठरवली आहे. अशी माणसे बहुधा बुडून किंवा जखमांनी मेलेली असतात, साथीच्या रोगाने नव्हे. आणि प्राण गेल्यावर बहुतेक जंतूही शरीरात दोन दिवसांपलीकडे टिकत नाहीत. म्हणून प्रेताजवळ उभ्या राहणाऱ्या लोकांना धोका जवळजवळ नाही. धोका आहे तो प्रेत उचलणाऱ्याला, आणि तोही रक्ताचा आणि मळाचा. कावीळ ‘ब’ आणि ‘क’, एचआयव्ही, हगवणीचे रोग या वाटेने येऊ शकतात. म्हणून जाड हातमोजे घालावेत, हाताला जखम असेल तर ती आधी झाकावी, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पाणी पिऊ नये की तंबाखू मळू नये. प्रेत हलवताना छातीत उरलेली हवा बाहेर येते, म्हणून तेवढ्या वेळी त्याच्या तोंडावर कापड टाकावे. नाकाशी अत्तराचा बोळा धरला किंवा कापूर हुंगला तर मनाला आधार वाटेल, दुसरे काही नाही. तो लंडनच्या न्यायाधीशांचा फुलांचा गुच्छच समजा.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. प्रेताला हात लावायला कोणी धजत नाही तेव्हा गावातल्या एखाद्या गरीब माणसाला चार पैसे देऊन, वर दारू पाजून, उघड्या हातांनी ते काम करवून घेतले जाते. पंचनामा लिहिणारा दहा हात लांब आणि उचलणारा उघड्या हाताने! हातमोज्यांचा एक जोड त्याच्यासाठीही गाडीत असलाच पाहिजे.

रक्ताचा विषय निघालाच आहे, तर अंगझडतीकडे येऊ. अटक झालेल्या माणसाची झडती घेणे हे रोजचे काम. आणि सवय अशी की हात सरळ खिशात घालायचा. त्या खिशात ब्लेड असते, फुटलेली काच असते, नशा करणाऱ्याच्या खिशात सुईही असते. वापरलेली सुई टोचली तर काय होते त्याचा हिशेब डॉक्टरांनी मांडून ठेवला आहे. सुईवरचे रक्त कावीळ ‘ब’ च्या रोग्याचे असेल आणि टोचून घेणाऱ्याने लस घेतली नसेल, तर शंभरांत सहा ते तीस जणांना रोग लागू शकतो. कावीळ ‘क’ असेल तर शंभरांत दोघांहून कमी. आणि जिचे नाव ऐकताच माणूस पांढरा पडतो ती एचआयव्ही असेल तर हजारांत तीन. सर्वांत मोठी भीती ज्याची, त्याचा संभव सर्वांत कमी. आणि ज्याचा संभव सर्वांत अधिक, त्यावर लस आहे! कावीळ ‘ब’ ची लस तीन वेळा घ्यायची असते: पहिली आज, दुसरी महिन्याने, तिसरी सहा महिन्यांनी. एवढे केले की बहुतेकांना पुष्कळ वर्षांचे संरक्षण मिळते. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस जिवंत राहतो, तेव्हा जुन्या मुद्देमालातला रक्ताळलेला चाकूही बेफिकिरीने हाताळू नये.

झडतीची पद्धत बदलणे हा तर बिनपैशाचा उपाय. आधी विचारा, “खिशात टोचणारं, कापणारं काही आहे का?” मग त्याच्याकडूनच खिसे उलटे करवून घ्या. न दिसणाऱ्या जागी बोटे घालू नका. वरून चापपून पाहा किंवा पिशवी कागदावर पालथी करा. एवढे करूनही सुई टोचलीच, तर जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळू नका, तोंडात बोट घालून चोखू नका. आणि तडक सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळण्याची औषधे जितकी लवकर तितकी चांगली. दोन तासांत मिळाली तर उत्तम, बहात्तर तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. ती अठ्ठावीस दिवस घ्यायची असतात. “उद्या ड्यूटी संपल्यावर बघू” असे म्हणण्याची ही गोष्ट नव्हे. टोचल्याची नोंद त्याच दिवशी ठाण्यात लिहून ठेवावी, म्हणजे पुढे उपचाराला आणि हक्काला पुरावा राहतो.

तिसरी वाट पाण्याची. पालघरचा पाऊस कोणाला सांगायला नको. नदी-नाले भरले, खाडीला भरती असली की सखल वस्त्यांत पाणी चढते आणि पोलीस त्या पाण्यात उभा राहून लोकांना बाहेर काढतो. त्या पाण्यात उंदरांचे, गुराढोरांचे मूत्र मिसळलेले असते आणि त्यातून लेप्टोचे जंतू पायाच्या भेगांतून, खरचटलेल्या कातडीतून अंगात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पूर ओसरला आणि मागोमाग शहरात लेप्टोची साथ आली, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून पुराच्या बंदोबस्ताला गमबूट हे ओझे मानू नये. पायाला जखम असताना त्या पाण्यात उतरावे लागले, तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना गाठून प्रतिबंधक औषधाची विचारणा करावी. आणि पुढच्या महिनाभरात ताप आला, अंग मोडून आले, पोटऱ्या दुखू लागल्या, तर डॉक्टरांना आपण होऊन सांगावे, “मी पाण्यात होतो.” हे तीन शब्द सांगितले नाहीत तर साधा ताप समजून दोन दिवस वाया जातात, आणि लेप्टोत दोन दिवस म्हणजे मूत्रपिंड वाचणे किंवा जाणे.

चौथी वाट चाव्याची. रात्रीच्या गस्तीला कुत्री मागे लागतात हा सर्वांचा अनुभव. चावले, नुसते ओरखडले आणि रक्त आले, तरी जखम साबणपाण्याने घड्याळ लावून पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. हळद, चुना, मिरची काही लावू नये. रेबीज एकदा दिसू लागला की मग उपाय चालत नाही. त्याच्या आधी मात्र तो हमखास टळतो.

आणि डास? डेंगीचा डास दूर कुठल्या डबक्यातून येतो असे आपण समजतो. कोणत्याही पोलीस ठाण्याच्या आवारात जाऊन पाहा. जप्त केलेल्या मोटारसायकली, चेपलेल्या गाड्या, फाटके टायर वर्षानुवर्षे गंजत पडलेले असतात. खटला रेंगाळला की मुद्देमालही पुष्कळदा तसाच पडून राहतो; मग पावसाचे स्वच्छ पाणी त्यांत साचते आणि डेंगीच्या डासाला नेमके तसलेच पाणी लागते. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि तो चावतो दिवसा, म्हणजे टेबलाशी बसून फिर्याद लिहून घेताना. आठवड्यातून एक दिवस ठरवून आवारातले पाणी उपसून टाकले, टायरांना भोके पाडली, गाड्यांवर ताडपत्री ताणून टाकली, की तो घोर गेला. मुद्देमाल जागच्या जागी राहतो, पाणी तेवढे जाते.

आतापर्यंत सांगितलेले सगळे उपाय फुकटाचे किंवा चार पैशांचे आहेत: खिडकी, साबण, हातमोजे, तीन टोचण्या, गमबूट, ताडपत्री. मग अडते कुठे? अडते ते लपवण्यात. प्लेगच्या काळी लोकांनी रोगी लपवले ते धाकाने. आज शिपाई आपला खोकला लपवतो तो का? “रजा मिळणार नाही”, “सोबतचे लांब बसतील”, “क्षय निघाला तर काय म्हणतील?” बारा-बारा तासांची ड्यूटी, अवेळी जेवण, मोडलेली झोप, त्यात तंबाखू आणि चाळिशीत लागलेला मधुमेह. मधुमेह असलेल्याला क्षय होण्याचा संभव दोन-तीन पटींनी वाढतो. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ साली आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, तेव्हा त्याकडे पुष्कळांनी सोयीची गोष्ट म्हणून पाहिले. खरे म्हणजे ती आरोग्याचीही गोष्ट आहे. झोपलेल्या आणि जेवलेल्या शरीरापाशी रोगाचे फारसे चालत नाही.

खोकला लपवणाऱ्याने एवढे ध्यानात धरावे. साध्या क्षयाला सहा महिने औषध लागते. पण योग्य औषध सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत बहुतेक रोग्यांपासून दुसऱ्याला लागण होण्याचे थांबते. धोका असतो तो औषध सुरू होण्याआधीच्या काळात, म्हणजे नेमका लपवण्याच्या काळात. आणि त्या काळात सर्वांत जवळ कोण असते? बराकीतला शेजारी, घरातली म्हातारी आई, मांडीवरचे पोर. तेव्हा ठाणे अंमलदाराने खोकणाऱ्या शिपायाला, “काय रे, कामचुकारपणा करतोस?” असे विचारण्याऐवजी, “थुंकी तपासलीस का?” असे विचारले, तर त्या एका प्रश्नाने अख्खी लाईन वाचू शकते.

राहता राहिला आपला, म्हणजे नागरिकांचा वाटा. आपण ठाण्यात गेलो आणि अंगात ताप, खोकला असेल तर तोंडाला रुमाल बांधावा आणि तसे सांगावे; त्यात कमीपणा नाही. आपला माणूस कोठडीत असेल आणि त्याला क्षयाचे किंवा आणखी कसले औषध चालू असेल, तर ते ठाण्यात कळवावे आणि औषध पोचवावे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, अटकेनंतर लवकरच सरकारी डॉक्टरांकडून आरोपीची तपासणी झाली पाहिजे असे आहे. ज्याच्या ताब्यात आरोपी असेल त्याने त्याच्या आरोग्याची वाजवी काळजी घ्यावी असेही आहे. हा आरोपीचा हक्क म्हणून लिहिला गेला आहे. पण ती तपासणी नावापुरती न होता खरोखर झाली, डॉक्टरांनी “खोकला किती दिवसांचा?” एवढे जरी विचारले, तरी बाहेर पहाऱ्यावर उभ्या असलेल्या शिपायाचेही त्यातून रक्षण होते. वाड्याच्या कोठडीने २०२० साली दाखवले ते हेच. कोठडीतल्या माणसाची प्रकृती सांभाळणे ही त्याच्यावर केलेली मेहेरबानी नाही. पोलिसाच्या स्वतःच्या मुलाबाळांची ती काळजी आहे.

तेव्हा पुढच्या वेळी बोईसरच्या नाक्यावर पावसात उभा असलेला शिपाई दिसला, तर त्याच्या काठीबरोबर त्याच्या पायांकडेही पाहा. गमबूट आहेत का? आणि आपण स्वतः त्या नोकरीत असाल, तर आजच दोन कामे करा. कावीळ ‘ब’ ची पहिली टोचणी कधी मिळेल ते जवळच्या सरकारी रुग्णालयात विचारून या. आणि ठाण्यात परतल्यावर कोठडीपुढची खिडकी उघडते की नाही ते एकदा ढकलून पाहा.